वैद्यकीय महाविद्यालयातील पहिला संशोधन प्रकल्प: नव्याने रुजू झालेले चिकित्सक आणि प्रयोगशाळा-संशोधक यांच्यासाठी

विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण तपासणारे डॉक्टर आणि प्रयोगशाळेत काम करणारे शास्त्रज्ञ शेजारशेजारच्या इमारतींत बसतात, एकाच ग्रंथालयात जातात, आणि तरीही एकमेकांच्या दिवसभराच्या कामाची त्यांना फार ढोबळ कल्पना असते. हा लेख या दोन्ही गटांतल्या नव्या माणसांसाठी आहे: शिकवणे आणि रुग्णसेवा सांभाळून संशोधन करू इच्छिणारा डॉक्टर, आणि रुग्णांशी संबंधित प्रश्नावर काम करण्यासाठी प्रथमच वैद्यकीय महाविद्यालयात आलेला संशोधक. संयुक्त प्रकल्प फसतात तेव्हा मूळ कल्पना वाईट होती असे क्वचितच आढळते. वॉर्ड आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या देवाणघेवाणीत, म्हणजे नमुना कोणी घ्यायचा, संमती कोणी विचारायची, फॉर्म कोणी भरायचा आणि शोधनिबंधावर कोणाचे नाव कुठे यायचे अशा साध्या गोष्टींत, ते अडकतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच आग्रह दिसेल, आणि तो असा की या गोष्टी पहिला रुग्ण अभ्यासात येण्यापूर्वी ठरवाव्यात आणि कागदावर उतरवाव्यात.

पायरी १: एकमेकांचा दिवस पाहून घ्यावा

डॉक्टरचा दिवस रुग्ण ठरवतात. सकाळचा राउंड लांबला की ओपीडी उशिरा सुरू होते, तातडीचा रुग्ण आला की दुपारची बैठक रद्द होते, आणि यात कोणाचाही बेफिकीरपणा नसतो. संशोधकाचा दिवस प्रयोग ठरवतो. वाढत ठेवलेल्या पेशींना ठरलेल्या वेळी नवे पोषक द्रावण द्यावेच लागते, आणि एकदा सुरू केलेली चाचणी मध्येच सोडून जाता येत नाही. ही दोन वेळापत्रके जुळत नाहीत हे आधी मान्य केले, की पुढची बरीच कटुता टळते.

रुजू झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत संशोधकाने विभागप्रमुखांची परवानगी घेऊन आणि रुग्णांच्या गोपनीयतेचे नियम समजावून घेऊन एक पूर्ण वॉर्ड राउंड मागे उभे राहून पाहावा. तिथे त्याला कळेल की रक्त बहुधा पहाटे घेतले जाते, ते घेणारा बहुधा विभागातला सर्वांत कनिष्ठ आणि सर्वांत कमी झोपलेला माणूस असतो, आणि संशोधनासाठी लागणारी एक जादा नळी ही त्याच्या दृष्टीने एक जादा काम असते. उलट बाजूने, डॉक्टरने एखाद्या नमुन्यामागोमाग प्रयोगशाळेत जावे आणि त्या नळीची नोंद, विलगीकरण (रक्तपेशी आणि द्रव वेगळे करणे), साठवण आणि चाचणी शेवटपर्यंत पाहावी. ‘रिपोर्ट अजून का आला नाही’ या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या एका फेरीत मिळते.

याच काळात काही माणसांची ओळख करून घ्यावी: वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टर, वैद्यकीय नोंदी सांभाळणारे कर्मचारी, जैवसांख्यिकीतज्ज्ञ, संशोधनात रुग्णांचे हक्क जपले जातात का ते तपासणाऱ्या नैतिकता समितीचे सदस्य-सचिव आणि प्रयोगशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ. फ्रीझर कधी बंद पडतो, त्याच्या धोक्याच्या घंटेला उत्तर कोण देते आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली कोणाकडे असते, ही माहिती प्राध्यापकांपेक्षा तंत्रज्ञांकडे अधिक खात्रीची मिळते.

डॉक्टरांसाठी आणखी एक गोष्ट. संशोधनासाठी राखीव वेळ मिळणार असेल तर तो आठवड्यातला कोणता वार आणि किती तास, हे नेमणुकीच्या वेळीच लेखी घ्यावे, आणि त्या वेळेत ओपीडी कोण सांभाळणार त्याचे नावही घ्यावे. ‘जमेल तसा वेळ काढा’ याचा व्यवहारातला अर्थ रात्री आणि रविवारी, असा होतो. रुग्ण तपासणारे संशोधक दुर्मीळ होत चालले आहेत, असा इशारा अमेरिकन वैद्य जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ सालीच दिला होता. वेळेची ही ओढाताण तेव्हापासून आजतागायत चर्चेत आहे.

पायरी २: प्रश्न लहान करावा आणि रुग्ण मोजावेत

चांगला प्रश्न बहुधा वॉर्डातल्या किंवा सूक्ष्मदर्शकाखालच्या एखाद्या न जुळणाऱ्या निरीक्षणातून येतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या बायोप्सीत वाकडे जिवाणू दिसले. आम्लाने भरलेल्या जठरात जिवाणू टिकत नाहीत अशी त्या काळची समजूत होती. १९८१ मध्ये प्रशिक्षण घेत असलेले तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून रुग्णांच्या बायोप्सींचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे सुरुवातीचे प्रयत्न मात्र फसत राहिले, कारण नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोन दिवसांत काही न उगवलेल्या प्लेट टाकून दिल्या जात होत्या. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट जास्त दिवस तशाच राहिल्या आणि तेव्हा कुठे जिवाणू वाढलेले दिसले. पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणून ओळखल्या गेलेल्या या जिवाणूच्या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले. नव्या माणसाने यातून उचलण्याजोगी गोष्ट व्यवहाराची आहे. आपला नमुना प्रयोगशाळेच्या नेहमीच्या रांगेतून जाणार असेल, तर त्या रांगेचे नियम कोणते आणि ते आपल्या प्रश्नाला सोयीचे आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.

निरीक्षणाचा प्रश्न बनवताना चार गोष्टी एका वाक्यात बसवून पाहाव्यात: रुग्ण कोणते, कोणता उपाय किंवा कशाशी आलेला संपर्क, तुलना कशाशी, आणि मोजायचे काय. वाक्य बसत नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही. त्यानंतर उपलब्ध निबंध शोधावेत, आणि त्या विषयावर पद्धतशीर आढावा (सगळे निबंध ठरलेल्या पद्धतीने शोधून एकत्र तपासणारा निबंध) असेल तर तो सर्वांत आधी वाचावा. ज्याचे उत्तर आधीच मिळालेले आहे असा प्रश्न रुग्णांवर पुन्हा तपासणे हा वेळेचा अपव्यय आहेच, शिवाय तो नैतिकतेचाही प्रश्न आहे.

मग रुग्ण मोजावेत. अंदाजाने मोजू नयेत. औषधशास्त्रज्ञ लुई लासान्या यांच्या नावाने ओळखला जाणारा एक अर्धविनोदी नियम संशोधकांत प्रसिद्ध आहे: अभ्यास सुरू झाला की योग्य रुग्णांची संख्या झपाट्याने घटते आणि अभ्यास संपला की ती पूर्ववत होते. यामागचे कारण साधे आहे. ‘असे रुग्ण आपल्याकडे रोज येतात’ असे म्हणताना वयाची अट, सोबतचे आजार, आधी घेतलेली औषधे आणि संमती नाकारणारे लोक हिशेबात धरलेले नसतात. म्हणून मागच्या तीन महिन्यांचे केसपेपर काढून समावेशाच्या आणि वगळण्याच्या सर्व अटी त्यांना एकेक करून लावाव्यात. त्यासाठीही संस्थेची परवानगी लागते, हे विसरू नये. जो आकडा उरेल, त्यातले काही जण संमती देणार नाहीत आणि काही पुन्हा तपासणीला येणार नाहीत असे धरूनच प्रकल्पाची मुदत ठरवावी.

पायरी ३: सांख्यिकीतज्ज्ञाकडे आधी जावे

माहिती गोळा झाल्यावर ती घेऊन सांख्यिकीतज्ज्ञाकडे जाण्याची प्रथा जुनी आहे आणि वाईट आहे. तोवर चुकलेली रचना दुरुस्त करणे त्याच्या हातात उरलेले नसते.

नमुना संख्येचे, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण लागतील याचे, एक उदाहरण पुरेसे व्हावे. नेहमीच्या उपचाराने ३० टक्के रुग्णांत एखादी गुंतागुंत होते आणि नव्या उपचाराने ती २० टक्क्यांवर येईल अशी आपली अपेक्षा आहे, असे समजू. सार्थकतेची पातळी (फरक नसतानाही तो आहे असे वाटण्याची शक्यता) ५ टक्के आणि फरक खरोखर असल्यास तो सापडण्याची शक्यता ८० टक्के, अशा प्रचलित अटी ठेवल्या तर प्रत्येक गटात सुमारे २९० रुग्ण लागतात. अपेक्षित फरक निम्मा केला, म्हणजे ३० वरून २५ टक्के इतकाच धरला, तर हीच संख्या प्रत्येक गटात सुमारे १,२५० वर जाते. फरक निम्मा झाल्यावर रुग्ण दुप्पट नव्हे, चौपटीहून अधिक लागतात. त्यामुळे ‘प्रत्येकी तीस रुग्ण घेऊ’ असा आकडा केवळ रूढीने लिहिलेला असेल तर तो प्रकल्प काहीही सिद्ध न करता संपण्याची शक्यता फार मोठी असते.

सांख्यिकीतज्ज्ञाबरोबर मुख्य मोजमाप एकच ठरवावे आणि बाकीची दुय्यम म्हणून नोंदवावीत. वीस गोष्टी मोजून त्यातली जी ‘सार्थक’ निघेल तिच्यावर निबंध लिहायचा, हा प्रकार टाळण्याचा हाच सरळ मार्ग आहे. विश्लेषणाचा आराखडाही माहिती हाती येण्याआधी लिहून, त्यावर तारीख घालून ठेवावा.

पायरी ४: नैतिकता समिती आणि संमती

नवे लोक समितीच्या अर्जाकडे अडथळा म्हणून पाहतात. ही समिती का असते हे माहीत असले तर अर्ज वेगळ्या नजरेने लिहिला जातो. नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या १९४७ च्या निकालात ऐच्छिक संमतीचे तत्त्व प्रथम ठसठशीतपणे मांडले गेले. १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला, ज्याची ताजी सुधारणा २०२४ ची आहे. पण कागदावर तत्त्वे आली म्हणून वागणूक बदलली नाही. १९६६ मध्ये अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी रुग्णांना धोक्यात घालणाऱ्या २२ अभ्यासांची उदाहरणे प्रसिद्ध केली, आणि त्यांतली बरीचशी नामांकित विद्यापीठांतली आणि रुग्णालयांतली होती. अमेरिकेतल्या टस्कीगी येथे १९३२ पासून ज्या कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश (सिफिलिस) उपचाराविना ‘अभ्यासला’ जात होता, तो अभ्यास बंद व्हायला १९७२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात पेनिसिलिन उपलब्ध झाले होते तरीही ते त्यांना दिले गेले नाही.

अर्ज लिहिताना बैठकीची तारीख आधी पाहावी, कारण बहुतेक समित्या ठरावीक अंतरानेच भरतात आणि एखादी सही राहिली तर अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. फक्त जुने केसपेपर पाहायचे असले तरी समितीकडे अर्ज करावा. सूट द्यायची की नाही हे समितीने ठरवायचे असते, संशोधकाने नाही. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची सार्वजनिक नोंदवहीत नोंदणी करावी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून ही अट घातलेली आहे, आणि नंतर केलेल्या नोंदणीमुळे परत आलेले निबंध थोडेथोडके नाहीत.

संमतीपत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण चिकित्सक-संशोधकाची खरी कसोटी तिथे लागते. रुग्ण समोरच्या माणसाला आपला डॉक्टर मानतो. त्यामुळे डॉक्टर जे काही सुचवतील ते आपल्या भल्यासाठीच, असे तो गृहीत धरतो, आणि चिठ्ठी टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने आपला उपचार ठरणार आहे हे वाचूनही त्याच्या मनात उतरत नाही. हा गैरसमज दूर करण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर असते. शक्य तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी अभ्यासातल्या दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने संमती विचारावी. हेलसिंकी जाहीरनाम्यातही डॉक्टरवर अवलंबून असलेल्या रुग्णाबाबत अशीच खबरदारी सांगितली आहे.

बोलताना वाक्ये छोटी ठेवावीत. ‘ही तपासणी तुमच्या उपचाराचा भाग नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार आहेत तसेच चालू राहतील. हो म्हणून नंतर केव्हाही बाहेर पडता येईल.’ एवढे सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी, ‘आता घरी गेल्यावर हे तुम्ही घरच्यांना कसे सांगाल?’ असे विचारावे. त्या उत्तरात रुग्णाला काय समजले आणि काय निसटले ते स्वच्छ दिसते. वेदनेत असलेल्या, नुकतेच वाईट निदान ऐकलेल्या किंवा शस्त्रक्रियेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडून सही घेऊ नये. माहितीपत्रक देऊन विचार करायला वेळ द्यावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण बोलणे होईपर्यंत हजर हवा, सहीपुरता बोलावलेला नको.

नमुने पुढच्या संशोधनासाठी साठवायचे असतील तर त्याची वेगळी, स्वतंत्र खूण करता येईल अशी संमती घ्यावी. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये त्यांच्या नकळत संशोधनासाठी घेतल्या गेल्या, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या, आणि कुटुंबाला त्याचा पत्ता सुमारे दोन दशकांनी लागला. आज त्या पेशींवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येक नव्या संशोधकाला ही हकीकत माहीत असली पाहिजे.

पायरी ५: नळी वॉर्डातून निघते तेव्हा

रक्ताच्या एका नळीचा प्रवास बारकाईने पाहू, कारण प्रयोगशाळेतल्या ‘विचित्र’ निष्कर्षांपैकी कितीतरी प्रत्यक्षात याच प्रवासात जन्माला येतात.

पहिला प्रश्न नळीच्या टोपणाच्या रंगाचा. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असते आणि ते बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते म्हणून रक्त गोठत नाही. त्या नळीतले थोडेसे रक्त दुसऱ्या नळीत ओतले किंवा नळ्या भरण्याचा क्रम चुकला, तर पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम खोटे घटलेले दिसते. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर चाचणीला अडथळा आणते, म्हणून जनुकीय अभ्यासासाठी ती सहसा टाळतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. रक्त नळीत गेल्यावरही पेशी जिवंतच असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. विलगीकरण न करता सर्वसाधारण तापमानाला ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उशीर होणार म्हणून सदिच्छेने ती नळी फ्रिजमध्ये ठेवली तर दुसरीच अडचण उभी राहते. थंडीत पेशींच्या पटलावरचे, पोटॅशियम आत ओढून घेणारे सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतात, पोटॅशियम बाहेर झिरपते, आणि पेशी फुटल्याची कोणतीही लाल छटा न दिसता आकडा वाढलेला येतो. बारीक सुईतून जोराने ओढल्यामुळे किंवा नळी जोरात हलवल्यामुळे पेशी फुटल्या तर निदान छटा तरी दिसते.

तिसरा प्रश्न साठवणीचा. सिरम किंवा प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरलेला रक्ताचा द्रव) एकाच मोठ्या नळीत न ठेवता लहान लहान नळ्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावा, म्हणजे एका चाचणीसाठी सगळा साठा वितळवून पुन्हा गोठवावा लागत नाही. पुष्कळ प्रथिने आणि आरएनए अशा चक्रांत खराब होतात. लेबल फ्रीझरच्या थंडीत आणि अल्कोहोलच्या संपर्कात टिकणारे हवे. साध्या पेनाची शाई टिकत नाही.

यावरून हे उघड आहे की आजारी गटाचे नमुने वॉर्डातून पहाटे घेतलेले आणि तीन तास पडून राहिलेले असतील, आणि निरोगी गटाचे नमुने प्रयोगशाळेतच घेऊन पेशी वेगळ्या करण्यासाठी लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवलेले असतील, तर दोन गटांतला ‘फरक’ आजाराचा नसून प्रवासाचाही असू शकतो. म्हणून एका पानाची कार्यपद्धती लिहावी: कोणती नळी, किती मिलिलिटर, किती वेळा उलटसुलट करायची, किती वेळात फिरवायची, कोणत्या वेगाने, आणि वेळ पाळता आली नाही तर नमुना टाकायचा की नोंद करून ठेवायचा. रक्त घेतल्याची, पोहोचल्याची आणि गोठवल्याची वेळ प्रत्येक नमुन्याला लिहावीच. हे पान वॉर्डात भिंतीवर चिकटवण्याआधी सिस्टर आणि निवासी डॉक्टरांना वाचायला द्यावे. त्यांना जे अव्यवहार्य वाटेल ते रात्रपाळीत होणार नाही.

पायरी ६: माहितीची नोंद

रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक माहितीच्या तक्त्यात नकोत. प्रत्येकाला अभ्यासाचा सांकेतिक क्रमांक द्यावा आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या, कुलूपबंद किंवा पासवर्ड असलेल्या ठिकाणी ठेवावी. खासगी मोबाइलवर रुग्णाचे फोटो आणि रिपोर्ट पाठवण्याची सवय सर्वत्र बोकाळलेली आहे. संशोधनात तिला अजिबात थारा देऊ नये.

नोंदीचा फॉर्म आधी पाच-सहा रुग्णांवर दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून भरून घ्यावा. जिथे दोघांची उत्तरे वेगळी येतात तिथे प्रश्न संदिग्ध आहे. ‘माहीत नाही’, ‘तपासले नाही’ आणि ‘नाही’ या तिन्हींसाठी वेगळे पर्याय ठेवावेत, कारण रिकाम्या चौकटीचा अर्थ सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. शक्य असेल तर साध्या तक्त्याऐवजी कोणी कधी काय बदलले याची नोंद ठेवणारी प्रणाली वापरावी. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात विकसित झालेली रेडकॅप ही प्रणाली अनेक विद्यापीठांत याच कारणासाठी वापरली जाते.

साध्या तक्त्यांवर विश्वास का ठेवू नये, याची एक गमतीदार पण खरी हकीकत आहे. काही मानवी जनुकांची लघुनावे ‘मार्च-१’ किंवा ‘सेप्ट-१’ अशी होती. एक्सेल त्यांना मुकाट्याने तारखा बनवत असे, आणि असे बिघडलेले तक्ते छापील निबंधांबरोबरही प्रसिद्ध झाले. शेवटी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअर बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा तेच सोपे ठरले.

पायरी ७: प्रकल्प चालू असताना

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला अर्ध्या तासाची बैठक पुरते, मात्र ती ठरलेल्या वेळी व्हावी आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रत्यक्ष काम करणारे लोक असावेत. अभ्यासाच्या मंजूर आराखड्यापासून झालेले प्रत्येक विचलन लिहून ठेवावे. आराखड्यात बदल करायचा असेल तर आधी समितीची मान्यता घ्यावी, नंतर बदल करावा. अभ्यासातल्या रुग्णाचा मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती व्हावे लागणे किंवा मुक्काम लांबणे, कायमचे अपंगत्व, अशा गंभीर घटना उपचाराशी संबंधित वाटोत वा न वाटोत, त्यांची खबर नियमाने ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागते. ती मुदत आणि फोन क्रमांक पहिल्या दिवशीच फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.

प्रयोगशाळेच्या वहीत पाने फाडू नयेत, खाडाखोड एका रेघेने करावी आणि त्यापुढे सही-तारीख घालावी. फसलेला प्रयोगही लिहावा. बाहेरून आणलेल्या पेशी-रेषा (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) वापरण्यापूर्वी त्यांची ओळख पटवणारी डीएनए चाचणी करून घ्यावी, कारण दुसऱ्याच पेशींनी दूषित झालेल्या रेषांवर वर्षानुवर्षे काम झाल्याची उदाहरणे आहेत.

पैशांबद्दल थोडक्यात: पहिला अर्ज संस्थेअंतर्गत मिळणाऱ्या लहान निधीसाठी करावा. अंदाजपत्रकात रसायनांचा खर्च सगळेच धरतात. फ्रीझरची देखभाल, नमुन्यांची वाहतूक, माहिती भरणाऱ्याचे मानधन, रुग्णांचा येण्याजाण्याचा खर्च आणि निबंध मुक्त उपलब्ध करण्याचे शुल्क मात्र हटकून राहून जाते.

पायरी ८: नावे आधी ठरवावीत

हा विषय काढायला लोक संकोचतात, आणि म्हणूनच तो पहिल्या बैठकीतच काढावा. इन्शुलिनची कथा इथे उपयोगी आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटो विद्यापीठात शल्यचिकित्सक फ्रेडरिक बँटिंग आणि विद्यार्थी चार्ल्स बेस्ट यांनी शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. वर्षाअखेरीस जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला दिलेला पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला गेला, आणि तो लागू पडला. शल्यचिकित्सक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ आणि विद्यार्थी अशा चौघांचे हे काम होते, पण १९२३ चे नोबेल मिळाले बँटिंग आणि मॅक्लाउड या दोघांना. बँटिंग यांनी आपली रक्कम बेस्ट यांच्याबरोबर वाटून घेतली, मॅक्लाउड यांनी कॉलिप यांच्याबरोबर. तरी श्रेयाचा वाद मिटला नाही.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कल्पना, रचना, माहितीसंकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा वैचारिक दृष्टीने तपासण्यात सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. केवळ विभागप्रमुख आहेत, केवळ निधी मिळवला किंवा केवळ रुग्ण पाठवले, म्हणून कोणी लेखक होत नाही. त्यांचे ऋण निबंधाच्या शेवटी मानावे. प्रत्यक्षात मात्र नव्या माणसाला वरिष्ठांचे नाव नाकारणे कठीण असते, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा या चार अटींचा कागद सर्वांसमोर ठेवून, प्रत्येकाने कोणते काम करायचे ते लिहून घेणे अधिक चालते. ज्या वरिष्ठाचे नाव येणार आहे त्याच्याकडे मसुदा तपासण्याचे काम तारखेसह सोपवावे. कित्येकदा ते काम उत्तम होते. नावांचा क्रम प्रकल्पाच्या मध्यावर पुन्हा पाहावा, कारण कामाचे वाटे बदलतात.

पायरी ९: निबंध आणि प्रकल्प बंद करणे

लिहायला बसण्याआधी अभ्यासाच्या प्रकारानुसार तपासणी-यादी उतरवून घ्यावी: यादृच्छिक चाचणीसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा, एकाच रुग्णाच्या वृत्तांतासाठी केअर. या याद्या आराखडा लिहिताना वापरल्या तर आणखी चांगले, कारण किती जणांना विचारले आणि किती जणांनी नकार दिला यांसारखे आकडे नंतर शोधून सापडत नाहीत. अपेक्षित निष्कर्ष आला नाही तरी निबंध लिहावा. तो न छापल्यास दुसरा कोणी त्याच रस्त्याने आणखी काही रुग्णांना नेणार असतो. आठवड्याभरात स्वीकृतीची हमी देणाऱ्या, खुशामत करणाऱ्या ईमेलमधून आलेल्या नियतकालिकाकडे मात्र कधीही पाठवू नये.

प्रकल्प बंद करण्याचे काम बहुतेकदा अर्धवट राहते, कारण निवासी डॉक्टर पदवी घेऊन निघून जातात आणि संशोधकाची नेमणूक संपलेली असते. जाणाऱ्या व्यक्तीने निदान दोन आठवडे आधी फ्रीझरमधल्या प्रत्येक पेटीची यादी, सांकेतिक क्रमांकांची यादी कुठे आहे त्याची नोंद, मूळ संमतीपत्रांची फाइल आणि विश्लेषणाच्या अंतिम फाइली नाव घेऊन नेमलेल्या एका व्यक्तीच्या ताब्यात सही घेऊन द्याव्यात. कागदपत्रे किती वर्षे जपायची हे संस्थेच्या आणि निधी देणाऱ्यांच्या नियमांत पाहून त्या फाइलींवर नष्ट करण्याची सर्वांत आधीची तारीख लिहावी. नैतिकता समितीला समाप्तीचा अहवाल पाठवावा, आणि ज्या रुग्णांनी निष्कर्ष कळवावा असे संमतीपत्रावर नोंदवले होते त्यांना सोप्या भाषेतले एक पानी पत्र धाडावे. त्या पत्त्यांची यादी सांकेतिक क्रमांकांच्या यादीबरोबरच ठेवलेली असते, म्हणून हे पत्र ती यादी सुपूर्त करण्याआधी पाठवणे सोयीचे पडते.